बुबुळावर उमटलेला दाब



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांना ओपीडीत काम करताना मी जवळून पाहिलं आहे. तान्हं मूल घेऊन आई समोर बसली की ते लगेच टॉर्च हातात घेत नसत. आधी विचारत, ‘अंगणात नेलं की डोळे उघडतं का हो?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्यांचा निम्मा अंदाज बांधून होई. त्या प्रश्नामागचं शास्त्र आज तुमच्यापुढे मांडावं असं मनात आहे.

काचबिंदू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साठीच्या पुढचा माणूस येतो. त्याच्या डोळ्यात बाहेरून काहीच दिसत नाही. लाली नाही, ठणका नाही, बुबुळ स्वच्छ. आतली दृष्टीची नस मात्र हळूहळू वाळत असते, कडेची नजर जात असते, आणि जिन्याची पायरी चुकायला लागते तेव्हा कुठे घरात चर्चा सुरू होते. तान्ह्या मुलाच्या काचबिंदूची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तिथं डोळ्याच्या आतला वाढलेला दाब पहिल्या दिवसापासून बुबुळावर उमटतो, सगळ्यांना दिसेल असा उमटतो, आणि आपण त्याचं कौतुक करत बसतो. ‘काय टपोरे डोळे आहेत!’ म्हणतो, दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट लावतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की या आजारात कॉर्निया सगळं आधी सांगून टाकतो. आणि त्याचं ऐकलं नाही तर झाल्या गोष्टीची खूण जन्मभर अंगावर वागवतो.

आता हा कॉर्निया म्हणजे काय, ते थोडं तपशिलात सांगतो. डोळ्याच्या काळ्या-तपकिरी भागावर, अगदी पुढच्या बाजूला बसवलेला पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. नेत्रदानात एकाचा काढून दुसऱ्याला बसवतात तो हाच. मोठ्या माणसात त्याचा आडवा व्यास साडेअकरा ते बारा मिलिमीटर असतो आणि मधोमध जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्यात एकही रक्तवाहिनी नाही. रक्तवाहिनी असती तर आरपार दिसलं नसतं. प्राणवायू तो बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या मार्फत घेतो आणि अन्न घेतो आतल्या पाण्यातून. चेतातंतू मात्र त्याच्यात इतके दाट आहेत, की धुळीचा एक कण गेला तरी माणूस हातातलं काम टाकून डोळा चोळत बसतो.

या अर्ध्या मिलिमीटरमधला सुमारे नव्वद टक्के भाग कोलॅजेनच्या तंतूंचा असतो. हे तंतू एकसारख्या जाडीचे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, थरांवर थर असे रचलेले असतात, आणि या शिस्तीमुळेच प्रकाश कुठे न विखुरता आत जातो. त्यांच्यात पाणी शिरलं, अंतरं बिघडली, की पडदा धुरकट होतो. पाणी शिरू न देण्याचं काम आहे सगळ्यात आतल्या अस्तराचं. एंडोथेलियम त्याचं नाव. पेशींचा एकच थर, पण रात्रंदिवस कॉर्नियातलं जादा पाणी उपसून आत टाकणारा. जन्मतः या पेशी भरपूर असतात. मोठेपणी दर चौरस मिलिमीटरला अडीच हजारांच्या आसपास उरतात. माणसात या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून मोकळी जागा झाकतात, इतकंच. हे अस्तर ज्या पातळ पटलावर टेकलेलं असतं त्याला डेसमेट पटल म्हणतात. जाँ देसमे या अठराव्या शतकातल्या फ्रेंच वैद्याचं नाव त्याला मिळालेलं आहे. जन्माच्या वेळी या पटलाची जाडी मिलिमीटरच्या एक हजाराव्या भागाच्या तिप्पट, म्हणजे तीन मायक्रॉन असते. पुढे आयुष्यभर ते जाड होत जातं. हे पटल आज आपल्याला बराच वेळ पुरणार आहे.

डोळ्याच्या आत जे पाणी आहे त्याचा अश्रूंशी काही संबंध नाही. ते आतच तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि कॉर्निया व त्यामागचा काळा-तपकिरी भाग जिथं मिळतात त्या कोपऱ्यातल्या जाळीतून झिरपून रक्तात जातं. मोठ्या माणसात दर मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचाही छोटासा अंश. पण येणं-जाणं सारखं चालू. जन्मजात काचबिंदूत ही कोपऱ्यातली जाळी गर्भात पुरती घडलेलीच नसते. तिची वाढ मध्येच थांबलेली असते. पाणी तयार होत राहतं, निचरा होत नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्यातला दाब पाऱ्याच्या मापात साधारण दहा-बारा मिलिमीटर असतो. अशा मुलांत तो तीस-चाळीसपर्यंत गेलेला सापडतो.

इथं मोठ्या माणसाचा आणि मुलाचा रस्ता वेगळा होतो. मोठ्याच्या डोळ्याची भिंत कडक झालेली असते. दाब वाढला तरी ती हलत नाही, सगळा मार नसेवर बसतो. बाळाच्या डोळ्यातलं कोलॅजेन अजून कोवळं असतं, त्यामुळे भिंत ताणते आणि डोळा मोठा होतो. नवजात बाळाच्या कॉर्नियाचा व्यास साडेनऊ ते साडेदहा मिलिमीटर. जन्मतःच तो अकराच्या पुढे असला तर शंका घ्यायची, पहिल्या वाढदिवसाआधी बाराच्या पुढे गेला तर घ्यायचीच, आणि तेरा हे माप कुठल्याच वयात बरं नाही. हा ताण साधारण तीन वर्षांपर्यंत चालतो. त्यानंतर कॉर्निया वाढायचा थांबतो. दाब तसाच राहिला तरी थांबतो.

टपोऱ्या डोळ्यांची गोम ही अशी आहे.

ताणताना कॉर्नियाचे सगळे थर सारखे ताणत नाहीत. तंतूंचा मधला थर लवचिक आहे, तो पसरतो. ते तीन मायक्रॉनचं पटल मात्र पसरता पसरता फाटतं. कधी हळूहळू, तर कधी एका रात्रीत. ते फाटलं की त्यावरचं अस्तरही तिथं तुटतं, उपसा बंद पडतो आणि आतलं पाणी थेट कॉर्नियाच्या तंतूंत घुसतं. कालपर्यंत स्वच्छ असलेलं बुबुळ सकाळी दुधाळ दिसतं, मूल किरकिरं होतं, डोळा मिटून घेतं. आई-वडील सांगतात, ‘डॉक्टर, एका रात्रीत डोळ्यात फूल पडलं.’ त्यांचं काही चुकलेलं नसतं, खरोखरच एका रात्रीत पडलेलं असतं.

पुढच्या काही आठवड्यांत शरीर आपल्या परीनं डागडुजी करतं. शेजारच्या पेशी सरकून भेग झाकतात, नवं पटल घालतात, सूज उतरते. पण फाटलेल्या कडा परत जुळत नाहीत. त्या सुरळीच्या वडीसारख्या आत गुंडाळल्या जातात आणि तशाच राहतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की दोन समांतर चकचकीत रेघा दिसतात, मध्ये थोडी जागा, जणू कुणी काचेवर नखानं ओढलेल्या. झ्यूरिकचे नेत्रवैद्य ओटो हाब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना ‘हाबच्या रेघा’ म्हणतात. त्या आडव्या असतात किंवा बुबुळाच्या कडेला धरून वळलेल्या. चिमटा लावून केलेल्या अवघड बाळंतपणात कॉर्नियाला मार बसला तरी पटल फाटतं, पण तेव्हाच्या रेघा बहुधा उभ्या आणि एकाच डोळ्यात असतात. रेघेची दिशा पाहून ती प्रसूतीच्या वेळची आहे की वाढलेल्या दाबाची, याचा अंदाज बांधता येतो. आमच्या धंद्यातल्या ज्या काही गोष्टींचं मला अजून अप्रूप वाटतं त्यांतली ही एक.

आणखी एक गंमत सांगतो. कधी चाळिशीतला माणूस चष्म्याचा नंबर काढायला येतो, काही तक्रार नसते, दाब नॉर्मल असतो, आणि यंत्राखाली डोळा पाहावा तर कॉर्निया साडेबारा-तेराचा आणि त्यावर हाबच्या रेघा. म्हणजे बाळपणी त्याला काचबिंदू झाला होता आणि आपोआप थांबला. असे लोक विरळा, पण आहेत. आईला विचारलं तर ती म्हणते, ‘हो, लहानपणी उजेडाला फार डोळे मिटायचा.’ त्याच्या बाळपणातल्या त्या काही महिन्यांचा दुसरा पुरावा कुठंच नसतो, तो फक्त त्या रेघांत असतो.

आता लक्षणांकडे येतो. पुस्तकात तीन दिलेली असतात: पाणी येणं, उजेड सहन न होणं, पापण्या घट्ट मिटून घेणं. तिन्ही कॉर्नियाचीच आहेत. सुजलेल्या कॉर्नियाच्या पृष्ठभागावर पाण्याचे बारीक फोड येतात. त्यांच्यामुळे उजेड आत सरळ न जाता विखुरतो, आणि खाली ते दाट चेतातंतू डिवचले जातात. म्हणून ऊन टोचतं. टोचलं म्हणून पाणी येतं. पाणी येऊनही भागत नाही म्हणून मूल पापण्या दाबून धरतं. सोलापूर जिल्ह्यातलं एक कुटुंब मला आठवतं. पाच महिन्यांचं मूल, सोबत आई आणि आजी. आई म्हणाली, ‘सर, घरात दिवा बारीक असला की खेळतंय, हसतंय. उन्हात नेलं की तोंड माझ्या पदरात घालतंय, काढतच नाही.’ आजीला ही तक्रारच पटत नव्हती. ‘काय नाही ओ, बापावर गेलेत डोळे. त्याचेबी असेच टपोरे होते.’ आईच्या दोन वाक्यांत निम्मं निदान होतं. दुर्दैवानं त्याआधी दोन ठिकाणी तिला डोळे चोळायचं, म्हणजे नाकाजवळ मालिश करायचं शिकवून घरी पाठवलेलं होतं.

या मालिशवर थोडं बोललं पाहिजे, कारण घोळ नेहमी इथंच होतो. तान्ह्या बाळाच्या डोळ्यातून पाणी येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे अश्रूंची नळी नाकात उघडायची राहिलेली असणं. ते पुष्कळ मुलांत असतं, वर्षाच्या आत बहुतेकांचं आपोआप बरं होतं, आणि त्याला मालिश हाच उपाय आहे. मग डॉक्टरनं तो सांगितला तर त्यात आश्चर्य नाही. पण नळीच्या आजारात पाण्याबरोबर पू-चिपडं येतात, पापण्या चिकटतात, आणि मूल उजेडात मजेत डोळे उघडे ठेवतं. बुबुळ लखलखीत असतं. काचबिंदूत पाणी नितळ येतं, चिपडं नसतात, उजेड सहन होत नाही आणि बुबुळाची चमक गेलेली असते. हा फरक ओळखायला यंत्र लागत नाही. खिडकीपाशी उभं राहून दोन्ही डोळ्यांतलं खिडकीचं प्रतिबिंब पाहिलं तरी पुष्कळ कळतं. स्वच्छ बुबुळात चौकटीच्या कडा रेखीव दिसतात, सुजलेल्यात फिसकटतात.

मोठं बुबुळ म्हणजे काचबिंदूच असंही नाही. काही मुलांचं, बहुधा मुलग्यांचं, बुबुळ जन्मतःच मोठं पण पूर्ण स्वच्छ असतं आणि दाब नॉर्मल असतो. तो वेगळा, निरुपद्रवी प्रकार आहे. उलट बुबुळ धुरकट पण माप नेहमीचं असेल, कॉर्निया जाडजूड असेल, तर अस्तराच्या पेशींचा आनुवंशिक आजार असू शकतो, आणि दक्षिण भारतात तो बऱ्यापैकी आढळतो. काही चयापचयाच्या आजारांतही बुबुळावर धुरकटपणा येतो. चेहऱ्याच्या एका बाजूला लालसर-जांभळा जन्मडाग असेल आणि तो वरच्या पापणीवर आला असेल, तर त्या बाजूच्या डोळ्यातला दाब तपासायलाच हवा. ही यादी मी इथंच आवरतो. डॉक्टरांना ती ठाऊक आहे आणि इतरांना तिची गरज नाही.

खरी तपासणी भूल देऊन करावी लागते, आणि पालकांची पहिली धास्ती तिथंच असते. ‘नुसतं तपासायला भूल कशाला?’ असं विचारतात. रडणाऱ्या मुलाचा दाब मोजला तर येणारा आकडा रडण्याचा असतो, आजाराचा नसतो. भुलीचंही एक गणित आहे. मुलांत वापरतात ती वासाची औषधं दाब खाली आणतात, केटामिन तो वर नेतं. म्हणून मूल शांत झाल्याबरोबर पहिलं काम दाब मोजण्याचं. मग कॅलिपरची दोन टोकं बुबुळाच्या दोन्ही कडांवर टेकवून व्यास घ्यायचा. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही इथं हिशेबात धरतात, त्यामुळे दोनदा-तीनदा मोजतात. नंतर हातातल्या सूक्ष्मदर्शकानं रेघा पाहायच्या, डोळ्याची लांबी सोनोग्राफीनं घ्यायची आणि बुबुळातून दिसेल तेवढी नस पाहायची. कॉर्निया इथंही घोटाळा करतो. सुजलेला असला तर जाड असतो, सूज उतरल्यावर ताणल्यामुळे नेहमीपेक्षा पातळ निघतो, आणि दाब मोजणारं यंत्र दोन्ही वेळा थोडं फसतं. म्हणून केवळ आकड्यावर विसंबायचं नाही. मागच्या तपासणीपेक्षा बुबुळ आणि डोळा वाढला का, हा प्रश्न आकड्याहून मोठा आहे.

थेंबांनी हा आजार बरा होत नाही. शस्त्रक्रियेपर्यंतचे दिवस काढायला आणि बुबुळ थोडं निवळायला त्यांचा उपयोग. जाता जाता एक इशारा देतो: आजोबांच्या काचबिंदूचे थेंब घरात असतात म्हणून बाळाच्या डोळ्यात घालू नका. त्यांतलं ब्रिमोनिडीन दोन वर्षांच्या आतल्या मुलाला गुंगी आणू शकतं, श्वासही थांबवू शकतं.

शस्त्रक्रियेचा इतिहास कॉर्नियाभोवतीच फिरतो. बैलासारख्या मोठ्या डोळ्यांची मुलं युरोपातल्या वैद्यांनी सोळाव्या शतकापासून नोंदवलेली आहेत, पण हा काचबिंदूच आहे हे पक्कं व्हायला १८६९ साल उजाडलं. इटलीत कार्लो दे व्हिन्चेन्तीस यांनी १८९३ साली आतला कोपरा कापून पाहिला, पण त्यांना तो कोपरा दिसतच नव्हता. आंधळेपणानं कापायचं, तर यश कसं मिळणार? कोपरा सरळ पाहिला तर दिसत नाही, कारण तिथून निघालेला प्रकाश कॉर्नियाच्या आतच परतून जातो. सॅन फ्रान्सिस्कोच्या ओटो बार्कन यांनी १९३०च्या दशकात कॉर्नियावर काचेचं भिंग ठेवून तो कोपरा डोळ्यांनी पाहत पाहत बारीक सुरीनं जाळी उघडली. त्याआधी ही मुलं बहुधा अंधच होत. बार्कन यांच्यानंतर पुष्कळ मुलांची नजर वाचू लागली. पण अट एकच: कॉर्निया आरपार दिसला पाहिजे. सुजलेला असला तर ग्लिसरीनचे थेंब घालून थोडा वेळ निवळता येतो, वरचे फोड खरवडून खिडकी करता येते. तरीही दिसलंच नाही तर काय, याचं उत्तर १९६० साली लंडनचे रेडमंड स्मिथ आणि अमेरिकेतले हर्मन ब्युरिअन यांनी स्वतंत्रपणे शोधलं. बाहेरून, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून निचऱ्याच्या नळीत शिरायचं आणि तिथून जाळी फोडायची. कॉर्नियातून पाहण्याची गरजच उरली नाही.

आपल्याकडे याला फार महत्त्व आहे, कारण भारतात मुलं डॉक्टरांपर्यंत पोचतात तेव्हा बुबुळं पुष्कळदा पांढरी झालेली असतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. अनिलकुमार मंडल यांनी बाहेरून जाळी उघडणं आणि निचऱ्याला नवी वाट करून देणं ही दोन्ही कामं एकाच बैठकीत करण्याची पद्धत शेकडो लहानग्यांवर वापरली, आणि अगदी नवजात मुलांवरही ती चालते हे दाखवून दिलं. २००३ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. वृत्तपत्रांत या पुरस्काराची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असं माझं मत आहे. क्रिकेटच्या पानावर जागा नसावी.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की काही दिवसांत मूल डोळे उघडायला लागतं. सूज आठवड्या-दोन आठवड्यांत किंवा थोडी अधिक मुदत घेऊन उतरते. मुलांत आणखी एक सुखद गोष्ट घडते. खोलगट झालेली नस दाब उतरल्यावर पुष्कळदा पूर्ववत दिसू लागते, मोठ्यांत असं सहसा होत नाही. आई-वडिलांना वाटतं, सुटलो. खरी चिकाटी लागते ती इथून पुढे. कारण ताणलेला कॉर्निया आकसत नाही आणि रेघा पुसल्या जात नाहीत. ताणल्यामुळे तो सपाट झालेला असतो, डोळा लांब झालेला असतो. लांब डोळ्यानं मायनस नंबर येतो, सपाट कॉर्निया त्यातला थोडा कापून टाकतो. पण रेघ जर मधोमध, बाहुलीसमोर असेल तर कॉर्नियाची गोलाई वेडीवाकडी होते आणि मोठा तिरपा नंबर येतो. दोन डोळ्यांत फरक असला की मेंदू बरा डोळा वापरतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो. नस शाबूत, दाब काबूत, तरी त्या डोळ्यानं दिसत नाही. ‘आळशी डोळा’ म्हणतात तो हा. त्यावर उपाय म्हणजे दीड वर्षाच्या मुलाच्या नाकावर चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज ठरलेले तास पट्टी. मूल चष्मा फेकतं, पट्टी ओरबाडतं, शेजारीपाजारी कीव करतात. ऑपरेशनसाठी दागिने मोडणारी घरं या पट्टीपाशी हरतात. आणि गमावलेली नजर पुष्कळदा इथंच गमावलेली असते. मुलीच्या बाबतीत तर ‘चष्मा लागला तर लग्नाचं काय’ हा प्रश्न दीड वर्षाच्या वयात निघालेला मी ऐकला आहे.

ताणलेल्या डोळ्याची भिंत पातळ असते, म्हणून चेंडू, विटी, कोपर यांचा मार त्याला झेपत नाही. इटलीचे गायक आंद्रेआ बोचेल्ली हे जन्मजात काचबिंदू घेऊनच १९५८ साली जन्मले. थोडी नजर होती, ती बाराव्या वर्षी फुटबॉल खेळताना बसलेल्या मारानं गेली. मुलाला खेळूच देऊ नका असं मी सांगत नाही. खेळताना न फुटणारा संरक्षक चष्मा लावा, एवढं सांगतो.

हा आजार येतो कुठून? बहुतेक मुलांचे आई-बाप डोळ्यांनी धडधाकट असतात. दोघांकडेही एकेक सदोष जनुक असतो, त्यांना काही होत नाही, आणि दोन्ही सदोष प्रती ज्या मुलात एकत्र येतात त्याला आजार होतो. प्रत्येक खेपेला ही शक्यता चारात एक. यातला सर्वांत महत्त्वाचा जनुक, सीवायपी१बी१, १९९७ साली सापडला. पाश्चात्त्य देशांत दहा ते वीस हजार बाळांमागे एकाला हा आजार होतो. स्लोव्हाकियातल्या रोमा लोकांत साडेबाराशेंत एकाला, आणि तिथं एकच जुना बदल पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे. आंध्र प्रदेशात तेहतीसशेंत एक असा आकडा प्रसिद्ध झालेला आहे. नात्यातली लग्नं हे त्यामागचं मोठं कारण मानतात. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत इरावती कर्वे यांनी १९५३च्या आपल्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात नोंदवली आहे, आणि दक्षिण महाराष्ट्रात ती अजून मोडलेली नाही. सोलापूरच्या त्या बाळाच्या आईला मी विचारलं, ‘नात्यात दिलंय का?’ तर ती म्हणाली, ‘आतेभाऊच आहेत माझे.’ अशा घरात पुढचं बाळ जन्मलं की त्याचे डोळे पहिल्या आठवड्यातच तपासून घ्यावेत. पाणी यायची वाट पाहू नये. सुनेच्या माथी दोष मारण्याची जी सवय आहे, तिला मात्र शास्त्रात काही आधार नाही. दोन्ही बाजूंनी सारखंच आलेलं असतं.

फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मतः असणाऱ्या दोषांच्या त्याच्या यादीत मोतीबिंदू आहे, कमी दिवसांच्या बाळांचा डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे, काचबिंदूचं स्वतंत्र नाव नाही. तरी बाळाच्या डोळ्यात टॉर्च मारणारी आशाताई किंवा नर्स बुबुळ धुरकट आहे, मोठं आहे, मूल उजेडाला तोंड फिरवतं आहे, एवढं ओळखू शकते. ओळखल्यावर मूल कुठं पाठवायचं हे तिला ठाऊक असणं, आणि तिथं लहान मुलांना भूल देणारा डॉक्टर असणं, हे अवघड आहे. जिल्ह्याच्या ठिकाणीही तो दर वेळी मिळतो असं नाही.

शेवटी एका प्रश्नाचं उत्तर देतो, कारण व्याख्यान संपल्यावर कुणीतरी तो विचारतंच: बुबुळ पांढरं झालं असेल तर नेत्रदानातलं दुसरं बसवता येणार नाही का? बसवता येतं, पण या मुलांत घाई करत नाहीत. दाब काबूत नसेल तर नवा कॉर्नियाही पुन्हा सुजतो. लहान वयात शरीर परका कॉर्निया जोरानं नाकारतं, टाके सैल पडतात, दर थोड्या दिवसांनी पुन्हा भूल द्यावी लागते. अलीकडे पूर्ण कॉर्निया न बदलता फक्त आतलं अस्तर बदलण्याची शस्त्रक्रिया निघाली आहे, आणि हाबच्या रेघांमुळे अस्तर खचलेल्या काही डोळ्यांत ती उपयोगी पडली आहे. वाळलेली नस मात्र कुठल्याच आयबँकेतून मिळत नाही. आणि याला जोडूनच येणारा प्रश्न असतो वयस्कांचा: ‘मला काचबिंदू आहे, मग माझे डोळे कुणाच्या उपयोगाचे?’ काचबिंदूनं नस जाते. अस्तराच्या पेशी पुरेशा असतील तर कॉर्निया दुसऱ्याला बसवता येतो. पेशी आयबँकवाले यंत्राखाली मोजतात आणि ठरवतात. तेव्हा काचबिंदू आहे म्हणून नेत्रदानाचा फॉर्म भरायचा राहू देऊ नका.